कडेला म्हणजे किती कडेला?

सात वर्षं ट्रक आणि पंधरा वर्षं बस चालवली. सायकल त्याच्या आधीपासून चालवतोय आणि अजूनही चालवतोय. त्यामुळे या सदराकडे शिव्यांची पत्रं दोन्हीकडून येतात. सायकलवाल्यांना मी ड्रायव्हरांचा माणूस वाटतो आणि ड्रायव्हरांना फितूर. चालायचंच. या वेळच्या गठ्ठ्यातली सहा पत्रं घेतली आहेत. पहिल्यावर जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत वर्षभर येतोय.

काका, सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सायकल घेतली. कामावर जायला पाच किलोमीटर पडतात. मी अगदी कडेनं चालवते, जिथे खडी आणि गटाराची झाकणं असतात तिथून. तरी गाड्या इतक्या घासून जातात की बाही हलते. परवा एकानं काच खाली करून ऐकवलं, “ताई, रस्ता गाड्यांसाठी असतो.” घरचेही तेच म्हणतात. माझा हक्क खरंच किती, आणि मी नेमकी चालवू कुठून?
— पाच किलोमीटरवाली

ताई, आधी त्या काच खाली करणाऱ्याचा हिशेब चुकता करू.

सायकलस्वारांची मोठी संघटना इंग्लंडात १८७८ साली निघाली, अमेरिकेत १८८० साली. कार्ल बेंझनं आपल्या मोटारीचं पेटंट घेतलं ते १८८६ साली. म्हणजे धड रस्ते करा म्हणून सरकारदरबारी खेटे घालणाऱ्यांत सायकलवाले होते आणि मोटार अजून पाळण्यातही नव्हती. आणि कागदावरचं म्हणाल, तर रस्ते-वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९६८ सालचा, व्हिएन्नाचा. त्यात ‘ड्रायव्हर’ या शब्दाची व्याख्या करताना सायकल चालवणाऱ्यालाही त्यातच धरलंय. बावीस वर्षं ज्या शब्दावर मी पोट भरलं, तो तुम्हालाही लागू आहे. काही रस्ते सायकलींना बंद असतात, द्रुतगती मार्ग असतात, ते वेगळं. बाकी ठिकाणी तुम्ही कुणाच्या मेहेरबानीवर चालवत नाही.

आता कुठून चालवायची. इथे मी तुम्हाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवतो.

समोर सायकल दिसली की ड्रायव्हरच्या मनात एकच प्रश्न येतो: मावतंय का? सायकल गटाराला चिकटून असेल तर उत्तर येतं, “मावतंय.” मग पाय उचलायचा नाही, स्टिअरिंग हलवायचं नाही, तसंच जायचं. त्यात वाईट हेतू नसतो हो. मी स्वतः शेकडो वेळा असाच गेलोय आणि आरशात मागे पाहिलेलंही नाही. तीच सायकल कडेपासून एक मीटर आत असेल, तर उत्तर येतं, “नाही मावत.” मग वेग कमी होतो, पलीकडची लेन बघितली जाते आणि ओव्हरटेक नीट बाहेरून होतो. तुम्ही कडेला जितक्या सरकता, तितकं ‘माझ्या शेजारून घासून जा’ असं आमंत्रण देता. ऐकायला उलटं वाटतं, पण स्टिअरिंगमागे बसलात की एका दिवसात पटेल.

दुसरं कारण जमिनीवरचं. कडेलाच काचा, खडी, साचलेलं पाणी आणि झाकणांच्या फटी असतात. खड्डा आला की तुम्ही आत वळणार आणि नेमकी तेव्हाच गाडी शेजारी असणार. मीटरभर आत असलात तर चुकायला थोडी जागा कडेच्या बाजूला उरते. घाबरल्यावर सरकायला जागा लागते, आणि तुम्ही ती आधीच खर्च करून टाकलीय.

तेव्हा नेहमीच्या रस्त्यावर कडेपासून पाऊण ते एक मीटर. जिथे लेन इतकी अरुंद आहे की गाडी आणि सायकल शेजारी-शेजारी जाऊच शकत नाहीत, म्हणजे पूल, वळण, चौकाच्या आधीचा तुकडा, तिथे सरळ लेनच्या मध्यावर या. पुढे रुंद झालं की परत कडेकडे. इंग्लंडच्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ पासून हे स्पष्ट छापलंय: निवांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत आणि चौक किंवा अरुंद जागा जवळ आली की लेनच्या मध्यातून चालवा. एरवी कडेपासून किमान अर्धा मीटर. तुमच्याकडचा नियम एकदा वाचून ठेवा. वाद घालायला नको, तुम्हाला स्वतःला धीर यायला.

आत येण्याआधी मागे वळून बघा. मान अर्धवट वळवून नको, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. यानं मागचं दिसतं ते आहेच, शिवाय मागच्या ड्रायव्हरला कळतं की ही बाई आता काहीतरी करणार. मी बसवर असताना हात दाखवण्यापेक्षा ही वळलेली मान मला आधी दिसायची. मागे बघताना हँडलही त्याच बाजूला ओढलं जातं, म्हणून आठवडाभर मोकळ्या मैदानावर एका रेघेवर सराव करा आणि मगच रस्त्यावर.

किती अंतरानं ओव्हरटेक करायचं याचे कायदे बऱ्याच ठिकाणी आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं १९७३ सालीच तीन फूट ठरवले. फ्रान्समध्ये गावात एक मीटर आणि बाहेर दीड. जर्मनीनं २०२० साली गावात दीड आणि बाहेर दोन मीटर लिहून टाकलं. ही अंतरं लाड म्हणून दिलेली नाहीत. सायकलचं हँडल साठ सेंटिमीटरच्या आसपास, त्यात प्रत्येक पेडलला थोडी हलणारच. बाजूनं मोठी गाडी जोरात गेली की हवा तुम्हाला आधी बाहेर ढकलते आणि मग गाडीकडे ओढते. आणि बसचा आरसा बॉडीच्या चांगलाच बाहेर असतो. ड्रायव्हर अंतर मोजतो बॉडीपासून, आरसा विसरतो.

एक मात्र ध्यानात घ्या. मागे गाड्यांची रांग लागली आणि पुढे थांबण्यासारखी जागा दिसली, तर तुमच्या सोयीनं बाजूला होऊन साइड द्यायला हरकत नाही. ते तुम्ही ठरवून दिलेलं असतं. हॉर्न ऐकून गटारात उडी मारू नका, एवढंच.

तुम्ही सायकलवाल्यांची फार बाजू घेता. हे लोक सिग्नल तोडतात, दोघं-दोघं गप्पा मारत जातात, आणि कर एक पैसा भरत नाहीत. आम्ही भरायचा आणि यांच्या मागे रांगायचं?
— करदाता मोटारवाला

दादा, सिग्नलचं मान्य. लाल दिवा तोडणारा सायकलवाला मलाही डोळ्यांसमोर नको असतो, आणि त्याच्यामुळे पुढच्या दहा जणांना तुमच्यासारख्यांचा राग खावा लागतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलस्वाराला ‘थांबा’च्या पाटीपाशी पूर्ण न थांबता, दुसऱ्याला वाट देऊन पुढे जायची मुभा आहे. पण ती कायद्यानं दिलेली आहे, यांच्यासारखी ज्यानं त्यानं घेतलेली नव्हे.

करावर मात्र मी तुमच्याशी भांडणार. बहुतेक ठिकाणी रस्त्यांचा बराचसा पैसा सगळ्यांच्या करांतून येतो, सायकलवाल्याच्याही. आणि रस्ता खराब कोण करतं? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मुद्दाम चाचणीचे रस्ते बांधून त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवले होते. निष्कर्ष असा की आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. या हिशेबानं माझ्या भरलेल्या बसनं एका फेरीत जे खाल्लं, ते सायकलवाल्याला सात जन्मांत जमणार नाही. झिजेवर कर लावायचा म्हटला तर पहिली पावती माझ्या नावानं फाडा, मग तुमच्या. सायकलवाल्याला सुटे पैसे परत द्यावे लागतील.

दोघं-दोघं जाण्याचं. सहा जण एकामागे एक गेले तर तुम्हाला ओव्हरटेक करायला केवढी लांब रांग पडते बघा. तेच तीन जोड्यांत गेले की लांबी निम्मी. नीट अंतर ठेवून जायचं तर तुम्हाला तसंही पलीकडच्या लेनमध्ये जावंच लागतं, एक असो की दोन. अरुंद रस्त्यावर मागे गर्दी साचली तर त्यांनी एकेरी व्हावं, हे मी त्यांना सांगेन. तुम्ही हॉर्नवरचा हात काढा.

काका, उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं आणि मी आपटलो. मनगटावर निभावलं. चूक त्याची, पण मी काय करायला हवं होतं?
— कॉलेजकुमार

बाळा, माझं गळ्याचं हाड असंच मोडलंय, तेव्हा सहानुभूती पुरेपूर. उभ्या गाड्यांपासून दाराची पूर्ण रुंदी सोडून चालवायची: सव्वा ते दीड मीटर. दोन गाड्यांच्या मध्ये फट दिसली म्हणून आत-बाहेर नागमोडी करायची नाही, सरळ रेघ धरायची. काचेतून आत डोकं दिसतंय का, मागचा लाल दिवा आत्ताच विझला का, चाकं वळलेली आहेत का, हे बघायची सवय लागते.

गाडीत बसणाऱ्यांसाठी एक साधी युक्ती आहे, नेदरलँड्सच्या नावानं जगभर सांगतात. दार त्याच्या जवळच्या हातानं उघडायचं नाही, पलीकडच्या हातानं उघडायचं. हात आडवा आला की खांदा वळतो, खांदा वळला की मान वळते आणि आरसा व मागचा रस्ता आपोआप दिसतो. घरच्यांना आजच शिकव. मागच्या सीटवर बसणारी मुलं यात सगळ्यात पटाईत होतात.

सिग्नलला ट्रकच्या आणि फुटपाथच्या मधल्या जागेतून पुढे जाऊन उभं राहायची माझी सवय आहे. आई ओरडते. ड्रायव्हरला आरशात मी दिसतेच की! इतके मोठे आरसे कशाला असतात मग?
— घाईतली

नाही दिसत. बाळ, हे उत्तर जपून वाच.

आम्ही ड्रायव्हर त्या बाजूला ‘क्लीनर साइड’ म्हणतो. पूर्वी तिथे बसलेला क्लीनर खिडकीतून डोकं काढून सांगायचा, “येऊ द्या, येऊ द्या, थांबा!” आता बहुतेक ठिकाणी ती सीट रिकामी असते, पण ती बाजू तितकीच आंधळी राहिलेली आहे.

बसवर माझं तेरावं वर्ष होतं. सिग्नल सुटला, मी दोन्ही आरसे पाहिले आणि क्लीनर साइडला वळायला घेतलं. बॉडीवर थाप ऐकू आली. हाताची, उघड्या पंजाची थाप. ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर एक मुलगा सायकलसकट फुटपाथच्या कठड्याला टेकलेला आणि माझं मागचं चाक त्याच्या पुढच्या चाकापासून वीतभर. तो काही बोलला नाही, मीही नाही. वर पन्नासेक प्रवासी, गाडी का थांबली म्हणून ओरडत होते. माझे पाय इतके कापत होते की पायरी चढताना दांडा दोन्ही हातांनी धरला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी डेपोत बस उभी केली आणि माझीच सायकल तिच्या शेजारी, पुढच्या दाराच्या थोडी मागे, टेकवून ठेवली. सीटवर जाऊन बसलो. लांब आरशात नाही, गोल आरशात नाही. पुढे सरकून बसलो तेव्हा हँडलचं एक टोक दिसलं. सायकल पुढे नेऊन अगदी नाकासमोर ठेवली, तर पुढच्या काचेतूनही गायब, कारण ट्रक-बसची काच सुरू होते तीच माणसाच्या छातीच्या उंचीवर. आणि काचेच्या बाजूचा खांब! त्या एका खांबामागे दहा-पंधरा मीटरवरची अख्खी सायकल स्वारासकट मावते. म्हणून चांगला ड्रायव्हर चौकात नुसती मान वळवत नाही, सीटवर पुढे-मागे झुकतो. हे मला तेरा वर्षांनी कळलं, लाज वाटते सांगायला.

दुसरी गोष्ट मागच्या चाकाची. लांब गाडी वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मार्गानं जात नाही, आतून कापून जातं. तू ज्या जागेत उभी असतेस ती सिग्नल सुटेपर्यंत जागा असते. वळण सुरू झालं की ती संपते. वाईट म्हणजे, वळायला जागा मिळावी म्हणून आम्ही आधी उलट्या बाजूला थोडं काढतो. मागच्याला वाटतं हा तिकडे चाललाय, आणि तो फटीत शिरतो.

लंडनमध्ये बारा टनांवरच्या ट्रकना ड्रायव्हरला सीटवरून थेट किती दिसतं यावर तारे देतात आणि मार्च २०२१ पासून परवान्याशिवाय शहरात शिरल्यास दंड करतात. म्हणजे ही अडचण तुझ्या आईच्या डोक्यातली नाही, सरकारांनी मोजलेली आहे.

तर ट्रकच्या मागे थांब, लेनच्या मध्यावर, त्याच्या आरशात तुला ड्रायव्हरचा चेहरा दिसेल इतकी मागे. चेहरा दिसत नसेल तर तूही त्याला दिसत नाहीस. ट्रकच तुझ्या शेजारी येऊन उभा राहिला तर? सिग्नल सुटल्यावर त्याला जाऊ दे. तेवढ्यात तुझे दहा सेकंद जातील. आणि कधी अडकलीसच तर सायकल सोड आणि फुटपाथवर चढ. सायकल दुसरी मिळते.

हेल्मेट, चमकदार जाकीट, दोन्ही घेतलं. आता मी सुरक्षित ना?
— पूर्ण तयारीत

हेल्मेट घाला. पण युरोपच्या मानकातली सपाट पृष्ठभागावरची चाचणी असते ताशी वीसेक किलोमीटरच्या आदळण्याची, म्हणजे साधारण स्वतःहून पडण्याची. ट्रकविरुद्ध ते चिलखत नाही. जाकिटाचं म्हणाल तर ते झगमगणारं पिवळं दिवसा आणि संध्याकाळी उपयोगाचं; ते चमकतं उन्हातल्या अतिनील किरणांनी, रात्री त्याचा साधा फिका कपडा होतो. रात्री लागतात पुढे पांढरा, मागे लाल दिवा, आणि प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्या पाठीवर लावण्याआधी घोट्यांवर आणि पेडलवर लावा. वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की ड्रायव्हरच्या डोक्यात लगेच पेटतं: माणूस आहे, सायकलवर आहे. एका जागी स्थिर असलेला ठिपका खांबही असू शकतो.

माझा अकरा वर्षांचा मुलगा सायकलनं शाळेत जायचा हट्ट धरून बसलाय. अंतर दीड किलोमीटर, मध्ये एक मोठा चौक. पाठवू का? शेजारीण म्हणते, कसली आई तू!
— कसली आई

ताई, शेजारणीला माझा नमस्कार सांगा आणि दार लावून घ्या.

नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण १९७१ साली तिथे रस्त्यावरच्या अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यांत चारशेच्या आसपास मुलं होती. आई-बाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं ‘मुलांच्या हत्या थांबवा’. शेजारणींनी मुलं घरात कोंडली असती तर तिथले सायकलमार्ग कधी झाले नसते.

पण तुमच्या चौकाला ती चळवळ आज कामाची नाही, म्हणून व्यवहाराचं बोलतो. त्या चौकात गाड्या किती वेगानं येतात? ताशी तीसनं येणाऱ्या गाडीसमोर मूल आलं तर, ड्रायव्हरला भानावर यायला एक सेकंद धरला तरी, गाडी साधारण तेरा-चौदा मीटरवर थांबलेली असते. ताशी पन्नासवाल्याचे तेवढे मीटर नुसत्या त्या एका सेकंदात जातात. जिथे पहिला थांबला, तिथे दुसऱ्यानं ब्रेकला अजून हात लावलेला नसतो, म्हणजे पाय. याच कारणानं ऑस्ट्रियातल्या ग्राझनं १९९२ साली मोठे रस्ते सोडून जवळजवळ सगळ्या शहरात तीसची मर्यादा घातली, आणि स्पेननं २०२१ मध्ये दोन्ही दिशांना एकेकच लेन असलेल्या शहरी रस्त्यांवर. तुमचा चौक पन्नासवाला असेल तर त्यानं तिथे उतरून, पायी, सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा. यात कमीपणा नाही. मी अजून एका चौकात उतरतो.

बाकीच्या अंतरासाठी तीन रविवार आणि एक शाळेचा दिवस द्या. पहिले दोन रविवार तुम्ही मागे, तो पुढे. तुम्ही थोड्या आत, म्हणजे तुमची सायकल त्याची भिंत होते. तो मोठ्यानं सांगत जाईल: “दार उघडू शकतं. गल्लीतून कोणी येईल. मागे बघतो.” बोलायला लावल्याशिवाय तो काय बघत नाही हे तुम्हाला कळणार नाही. तिसऱ्या रविवारी तुम्ही पन्नास पावलं मागे. चौथ्या वेळी शाळेच्या दिवशीच, खऱ्या गर्दीत, खऱ्या दप्तरासह. दप्तर पाठीवर नको, कॅरिअरवर बांधा, नाहीतर मागे बघताना त्याचा तोल जाईल.

मान वळवली तरी रेघ सुटत नाही, एका हातानं चालवता येतं, आणि दोन्ही ब्रेक एकदम लावून पाय टेकता येतो, ही तीन कामं न अडखळता झाली की पाठवा. नाही झाली तर अजून दोन रविवार.

पावसात ब्रेक लागत नाहीत अशी चार पत्रं आलीत. चौघांनीही आपले ब्रेक रिमवरचे की डिस्कचे हे लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, पुढच्या अंकात बघू.